डोळा आणि खुंट : आरंभीच्या संगणकीय अ‍ॅनिमेशनपटांच्या इतिहासलेखनाविषयी

आरंभीच्या संगणकीय अ‍ॅनिमेशनपटांचा विषय निघाला की आपल्याकडे एकच कथानक सांगितले जाते. १९६३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एडवर्ड झेजॅक याने पृथ्वीभोवती फिरणारी एक पेटी पडद्यावर आणली. १९७२ साली युटा विद्यापीठात एड कॅटमल आणि फ्रेड पार्क यांनी माणसाचा हात हलवून दाखवला. १९८६ साली दोन टेबलदिवे आले, १९८८ साली रांगणारे मूल आले आणि १९९५ साली ‘टॉय स्टोरी’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. पेटीपासून माणसापर्यंत, रेषेपासून पृष्ठभागापर्यंत, काही क्षणांपासून ऐंशी मिनिटांपर्यंत झालेल्या या वाटचालीला ‘उत्क्रांती’ असे नाव दिले की सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे, दोघांचेही समाधान होते.

हे समाधान फार स्वस्तात मिळवलेले आहे. या कथानकात कोणत्याही लघुपटाला स्वतःचे म्हणून मूल्य नाही. प्रत्येकाचे मूल्य त्याच्या पुढच्या लघुपटाने ठरवायचे. पेटी चांगली, कारण तिच्यामुळे हात शक्य झाला. हात चांगला, कारण त्याच्यामुळे चेहरा शक्य झाला. ज्यांच्यापुढे असे कोणी उभे नाही, त्यांना ‘प्रयोग’ म्हणून एका वाक्यात निरोप दिला जातो. कलाकृतीकडे पाहण्याची ही रीत साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. बोधकथेतून गोष्ट, गोष्टीतून लघुकथा, लघुकथेतून नवकथा अशी शिडी उभी करून आधीच्या प्रत्येक पायरीला नंतरच्या पायरीची पूर्वतयारी ठरवणारे इतिहासलेखन मराठीत कैक दशके नांदले. त्या शिडीवर टीकाही पुष्कळ झाली. ना. सी. फडके यांच्या तंत्रविचाराला नवकथेच्या समीक्षेने जो नकार दिला, त्याचे मर्म हेच होते, की कथेचे मोठेपण तिच्या बांधणीच्या सफाईवर मोजता येत नाही. गंमत अशी, की तीच समीक्षा पडद्यासमोर बसली की कट्टर तंत्रवादी होते. सावली नीट पडली का, केस वेगवेगळे दिसले का, पाणी पाण्यासारखे हलले का, एवढेच तिला पाहायचे असते.

त्यात लघुपटाची लांबी त्याच्या मुळावर येते. कादंबरीच्या तुलनेत कथेला गौण ठरवणारी भालचंद्र नेमाडे यांची भूमिका मराठीत वादग्रस्त ठरली. पण नेमाडे यांनी निदान ती भूमिका उघडपणे घेतली आणि तिची किंमतही मोजली. संगणकीय लघुपटांच्या बाबतीत मात्र तीच भूमिका कोणी न घेता सगळ्यांनी मान्य केलेली आहे. लघुपट म्हणजे पूर्ण लांबीच्या चित्रपटाची उमेदवारी, हे गृहीतक इतके अंगवळणी पडले आहे, की ते गृहीतक आहे याचेही भान उरलेले नाही.

उत्क्रांतीची उपमा येथे का चालत नाही, हे समजून घ्यायला वरूडच्या संत्र्याच्या बागेत जावे. नागपुरी संत्रा या नावाने जो माल देशभर जातो, त्यातला मोठा वाटा वरूड-मोर्शीच्या पट्ट्यातला असतो. या पट्ट्यातले झाड संत्र्याच्या बियांतून सहसा वाढवत नाहीत. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत आधी जंबेरीची रोपे तयार करतात आणि त्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. खाली जमिनीशी, पाण्याशी, रोगाशी झुंजते ती जंबेरी. वर फळ धरतो तो संत्रा. दोन्ही एका झाडात राहतात, तरी एकातून दुसरे ‘विकसित’ झाले असे कोणी बागाईतदार म्हणणार नाही. सांधा जमिनीच्या वर राखावा लागतो, नाहीतर डिंक्या लागतो. खुंटाला खालून येणारे फुटवे वेळीच काढावे लागतात. नाही काढले, तर ते डोळ्याला मागे टाकतात, आणि बागाईतदाराच्या हाती जाड सालीची आंबट जंबेरी येते.

संगणकीय लघुपटाची घडण अशीच कलमी आहे. त्याचा खुंट कोणता, हे सांगायला इतिहासकार सहसा कचरतात. जॉन व्हिटनी याने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपले यांत्रिक संगणकयंत्र उभे केले ते दुसऱ्या महायुद्धातल्या विमानवेधी तोफांच्या नेमसाधनाचे भंगार विकत घेऊन. शत्रूच्या विमानाची पुढची जागा गणिताने काढणारे चक्र आता रंगीत बिंदूंची पुढची जागा काढू लागले. १९६१ सालच्या ‘कॅटलॉग’मधल्या फुलांसारख्या आकृत्या त्यातून आल्या. झेजॅकची पेटी ही कृत्रिम उपग्रहाची प्रतिमा होती. उपग्रहाची एकच बाजू पृथ्वीकडे कशी राखता येईल, हा त्या चित्रफितीचा विषय होता. कॅटमलचा हात ज्या युटा विद्यापीठात हलला, तेथील संगणकशास्त्राच्या संशोधनाला अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेचा पैसा होता. १९८० साली ‘व्हॉल लिब्र’ या दोन मिनिटांच्या लघुपटातून अपूर्णमितीय भूमितीचे डोंगर दाखवून सभागृह जिंकणारा लॉरेन कारपेंटर तेव्हा बोइंग या विमान-कंपनीत नोकरीला होता. युद्ध, अवकाश, विमान ही या कलेची जमीन आहे. हे सांगण्यात निंदा नाही, जंबेरीची निंदा कोणी करत नाही. पण जे लेखन खुंटाच्या वाढीलाच झाडाचा इतिहास समजते, त्याने फळ कधी चाखलेले नसते.

मग डोळा कोणता? याचे उत्तर प्रत्येक लघुपटागणिक वेगळे आहे, आणि समीक्षेचे काम तेथे सुरू होते. तीन लघुपट पाहू.

१९६८ साली मॉस्को विद्यापीठात निकोलाय कॉन्स्तान्तिनोव आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘किटी’ (रशियन भाषेत ‘कोशेच्का’) हा लघुपट केला. त्यात एक मांजर चालते. एवढेच घडते. मांजराची चाल बेसेम-४ या संगणकाने विकलक समीकरणे सोडवून ठरवली. आणि त्या काळी संगणकाला पडदा नव्हता, छपाईयंत्र होते, म्हणून प्रत्येक चौकट कागदावर अक्षरचिन्हांनी छापली गेली आणि मग ते कागद एकेक करून चित्रफितीवर घेतले गेले. म्हणजे हे मांजर अक्षरांचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. अर्थ सांगण्यासाठी असलेली चिन्हे येथे अर्थ सांगत नाहीत. ती काळी-पांढरी होऊन देह धरतात, पुढच्या कागदावर थोडी सरकतात आणि चाल दिसते. भाषेचे द्रव्य भाषेबाहेरच्या कामाला लावले की ते पुन्हा द्रव्य म्हणून दिसू लागते, हे रशियन रूपवाद्यांनी कवितेविषयी मांडलेले सूत्र. त्याच देशात, गणितज्ञांच्या हातून, कोणताही वाङ्मयीन हेतू नसताना ते सूत्र पडद्यावर उतरले. उत्क्रांतीच्या कथानकात या मांजराला ‘ओबडधोबड पण चालते’ एवढेच गुण मिळतात. त्या ओबडधोबडपणातच त्याचे सौंदर्य आहे, हे म्हणण्याची भाषा त्या कथानकाजवळ नाही.

दुसरा लघुपट १९७४ सालचा, कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा, पीटर फोल्डेसचा ‘हंगर’. एक माणूस खात सुटतो, खाता खाता फुगत जातो, वस्तू आणि देह यांचा भेद मिटत जातो, आणि शेवटी भुकेल्यांचा जमाव त्याला खातो. फोल्डेसने मुख्य रेखाटने काढली आणि त्यांमधली रेखाटने संगणकाने भरली. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी त्यासाठीची पद्धत बसवली होती. इतिहासलेखक या पद्धतीपाशीच थांबतो : यंत्राने पहिल्यांदा मधली चित्रे काढली, कारकुनी कष्ट वाचले, पुढचे पाऊल पडले. परंतु लघुपट पाहणाऱ्याला दिसते ते निराळेच. यंत्राला दोन आकृती दिल्या की त्यांच्या रेषांतून ते निर्विकारपणे एकीतून दुसरीकडे जाते. ओठ ताट होतात, ताट पोट होते. कोणत्या रूपांतराला लाज वाटावी, कोठे थबकावे, हे त्याला कळत नाही. हावरेपणाचे स्वरूप याहून वेगळे काय असते? यंत्राची मर्यादा आणि आशयसूत्र येथे एकजीव झालेले आहेत. फोल्डेसचा आधीचा, हाताने चितारलेला ‘ए शॉर्ट व्हिजन’ (१९५६) अणुसंहारावर होता हे ध्यानात घेतले, तर ‘हंगर’चा वंश यंत्रांच्या यादीत शोधायचा की एका कलावंताच्या भयात, याचा निर्णय अवघड नाही. १९७२चा दुष्काळ नुकताच सोसलेल्या महाराष्ट्राला हा लघुपट परका वाटण्याचे कारण नव्हते. दुष्काळावरच्या मराठी कथांशेजारी ठेवून तो वाचता आला असता. तसा तो वाचला गेला नाही, कारण तो ‘तंत्रज्ञाना’च्या खात्यात जमा होता.

तिसरा लघुपट ‘लक्सो ज्युनिअर’. उत्क्रांतिवाद्यांचा हा मुख्य साक्षीदार, म्हणून त्याची उलटतपासणी आवश्यक आहे. १९८६ साली डॅलस येथील संगणकचित्रणाच्या परिषदेत हा दोन मिनिटांचा लघुपट दाखवला गेला; एक मोठा टेबलदिवा, एक लहान टेबलदिवा, एक चेंडू. दिव्यांच्या सावल्या त्यांच्याच अंगावर पडत होत्या, हा त्या वेळी मोठा तांत्रिक पराक्रम. खेळ संपल्यावर या क्षेत्रातला नामांकित शास्त्रज्ञ जिम ब्लिन आपल्याकडे येताना पाहून दिग्दर्शक जॉन लॅसेटर मनातल्या मनात सावल्यांच्या गणिताचे उत्तर जुळवू लागला. ब्लिनने विचारले ते एवढेच, की मोठा दिवा आई की बाप? ही आठवण लॅसेटरने स्वतः सांगितलेली आहे. पुढच्याच वर्षी त्याने त्याच परिषदेत एक निबंध वाचला. त्याचे प्रतिपाद्य असे, की हाताने काढलेल्या जुन्या अ‍ॅनिमेशनची, म्हणजे डिस्नेच्या कलाशाळेत १९३०च्या दशकात घडलेली तत्त्वे संगणकालाही जशीच्या तशी लागू पडतात. ज्या कृतीला उत्क्रांतीचे शिखर मानायचे, तिचा कर्ताच म्हणतो की यात जिवंत आहे ते पन्नास वर्षे जुने आहे. नव्या खुंटावर जुना डोळा, असा हा उघड कबुलीजबाब आहे.

‘लक्सो’ सुंदर आहे यात वाद नाही. वाद आहे तो त्याच्या राज्याविषयी. एक कलम यशस्वी झाले म्हणून बाकीच्या वाफ्यांवर नांगर फिरवला गेला. त्यानंतर संगणकीय लघुपट म्हणजे लळा लावणारी निर्जीव वस्तू, तिचा छोटासा अपमान आणि छोटासा विजय, असे ठरून गेले. ‘टिन टॉय’ला १९८९ साली ऑस्कर मिळाले आणि त्या ठरण्यावर मोहोर उठली. (त्यातले मूल आजही पाहणाऱ्याला किंचित भिववते, खुंटाचा फुटवा डोळ्याशेजारी कसा दिसतो, हे पाहायचे असेल तर ते पाहावे.) व्हिटनीच्या आकृत्या, कॉन्स्तान्तिनोवचे मांजर, बेल प्रयोगशाळेतल्या शब्दचित्रफिती, हे सारे ‘प्रागैतिहास’ झाले. जिवंत माणसाच्या तोंडावर त्याला प्रागैतिहासिक म्हणण्यासारखाच हा प्रकार होता. व्हिटनी १९९५ पर्यंत हयात होता.

आता हे सारे महाराष्ट्राच्या दिशेने वळवावे लागेल, कारण या इतिहासलेखनाचा खरा फटका येथे बसतो. यंत्रांचा इतिहास हाच कलेचा इतिहास असेल, तर ज्या प्रदेशाजवळ यंत्र उशिरा आले त्याला इतिहासच नाही. त्याने कायम उशिरा येणाऱ्याची भूमिका वठवावी आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांतल्या चौकटी मजुरीवर भरून द्याव्यात. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत परदेशी चित्रपटांचे दृश्यपरिणाम रात्रपाळीत भरणाऱ्या मुलांना त्यांच्या प्रशिक्षणवर्गांत नेमके हेच कथानक शिकवले जाते, आणि ते त्यांना पटते.

वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. यंत्र मुंबईत नव्हते असेही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफरॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला आणि त्याला आलेख व अक्षरे दाखवणारा ऋणाग्र-किरण नळीचा पडदाही जोडलेला होता. मॉस्कोच्या मांजराला जो पडदा लाभला नाही, तो मुंबईत होता. त्याच संस्थेने होमी भाभांच्या पुढाकाराने समकालीन भारतीय चित्रकलेचा मोठा संग्रह केला. एकाच संस्थेत आधुनिक चित्र भिंतीवर आणि आधुनिक पडदा प्रयोगशाळेत, अशी ही स्थिती. बेल प्रयोगशाळेने स्टॅन व्हॅन्डरबीक, लिलियन श्वार्ट्झ अशा कलावंतांना रात्री-बेरात्री यंत्राजवळ बसू दिले. मुंबईत चित्रकाराची गाठ चित्र विकत घेणाऱ्याशी पडली, यंत्र चालवणाऱ्याशी पडली नाही. प्रश्न यंत्राच्या अभावाचा नव्हता. दार कोणासाठी उघडायचे, याचा होता.

याच पार्श्वभूमीवर अकबर पदमसी यांच्या कामाकडे पाहायला हवे. १९६९ साली नेहरू पाठ्यवृत्तीची रक्कम खर्चून त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभे केले. चित्रकार, चित्रपटकार, छायाचित्रकार यांना एकत्र काम करता यावे, कॅमेरा हाताळता यावा, अशी ती जागा होती. तरुण नलिनी मलानी यांनी तेथेच ‘ड्रीम हाउसेस’ हा अ‍ॅनिमेशनपट केला. पदमसींचा स्वतःचा ‘सिझिजी’ (१९७०) हा कृष्णधवल मूकपट आहे : बिंदू आणि रेषा, आणखी काही नाही. ग्रहगोल एका रेषेत येण्याला खगोलशास्त्रात जे नाव आहे, तेच याचे शीर्षक. सुमारे हजार रेखाटनांचा हा लघुपट. रेखाटनांची रचना संख्यांच्या एका व्यवस्थेतून काढलेली, आणि चलत्चित्रणाला राम मोहन यांचे साहाय्य. राम मोहन हे फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात घडलेले. त्या विभागाचा ‘द बन्यन डीअर’ १९५७ सालचा.

‘सिझिजी’मध्ये संगणक नाही. परंतु संगणकाकडून जे करवून घेतले जाते ते त्यात आहे : पुढची चौकट चित्रकाराच्या लहरीने नव्हे, आधी ठरवलेल्या संख्यानियमाने येते, आणि एकदा नियम ठरला की हात त्याचे पालन करतो. संगणकीय अ‍ॅनिमेशन या प्रकाराची व्याख्या यंत्रावरून न करता या नियमावरून केली, म्हणजे दोन चौकटींमधले अंतर नियम म्हणून लिहिले जाते तो प्रकार अशी केली, तर सगळा नकाशा बदलतो. मग कॉन्स्तान्तिनोवचे समीकरण, फोल्डेसच्या मधल्या रेषा, व्हिटनीची चक्रे आणि पदमसींच्या संख्या एका व्याकरणाची रूपे ठरतात, आणि व्याकरण हा विषय साहित्यसमीक्षेच्या हद्दीतला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली भांडवल मिळवण्यासाठी ‘अंकुराची वाढ’ केला तेव्हा कुंडीतल्या वाटाण्याची एकेक चौकट ठरावीक अंतराने टिपली. तेथे अंतराचा नियम माणसाचा होता आणि मधले काम वाटाण्याचे. पुढे १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या स्वतः हलवल्या. दोहोंतला फरक यंत्राचा नाही, नियम कोणाच्या स्वाधीन केला याचा आहे. आणि तो फरक या प्रकाराच्या सौंदर्यशास्त्रात पायाभूत आहे.

येथे एका धोक्याची जाणीव द्यायला हवी, कारण आपल्याकडच्या वादात तो लगेच उभा राहतो. ‘म्हणजे हे सगळे आपल्याकडे आधीच होते’ असा जो आनंद काहींना होईल, तो उत्क्रांतिवादाइतकाच पोकळ आहे. वरूडच्या शेजारी, मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे स्थान. तेथे आता मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. त्या लिप्यांवरून संगणकाच्या संकेतांची पूर्वपीठिका रचण्याचा मोह एखाद्या उत्साही व्याख्यात्याला व्हायला वेळ लागणार नाही. सांकेतिक लिपीचे काम मजकूर राखण्याचे, अनधिकाऱ्यापासून दूर ठेवण्याचे. संगणकाची आज्ञावली कृती घडवते. एकीचे दुसरीशी नाते केवळ ‘संकेत’ या शब्दापुरते आहे. ‘सिझिजी’लाही ‘भारतातला पहिला संगणकीय लघुपट’ म्हणणे खोटे ठरेल, आणि त्याने पदमसींचा काहीही सन्मान होणार नाही. त्यांनी यंत्राशिवाय केले, हीच त्या कृतीची अट आहे. हजार रेखाटनांचा थकवा त्या रेषांत आहे. यंत्राच्या रेषेला थकवा येत नाही. पदमसींनी पुढे संगणकावरही चित्रे केली. त्यांच्याशी ‘सिझिजी’ची तुलना करणारा अभ्यास झाला, तर हा फरक पाहण्याची साधने मिळतील. पहिलेपणाचा दाखला मागणारे आणि पुढारलेपणाचा दाखला मागणारे, दोघेही एकाच शिडीवर उभे आहेत. एकाला वरची पायरी हवी, दुसऱ्याला तळाची.

मराठीच्या अभ्यासकाला याहूनही जवळचे असलेले एक प्रकरण आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हॅन्डरबीक आणि केन नोल्टन यांनी बेल प्रयोगशाळेत ‘पोएमफील्ड’ ही लघुपटमालिका केली. तिचे पात्र शब्द आहेत. पडद्याच्या जाळीतले ठिपके एकत्र येऊन शब्द होतात, शब्द वाचून होण्याआधी विस्कटतात, पार्श्वभूमीत विरतात. नोल्टनने त्याआधी रचलेल्या बेफ्लिक्स या चित्रभाषेची जाळी २५२ गुणिले १८४ ठिपक्यांची होती. एवढ्या चणीत रोमन अक्षर बसते, कारण ते सुटे आणि सरळ असते. देवनागरी तेथे नेली असती, तर शिरोरेषेचे काय करायचे, वेलांटी आधी की व्यंजन आधी, जोडाक्षर किती मजल्यांचे, हे प्रश्न कवितेचेच प्रश्न झाले असते.

नेमक्या याच काळात मराठीत लघुअनियतकालिकांची चळवळ भरात होती, आणि त्या वातावरणात र. कृ. जोशी अक्षराच्या आकारातून आणि मांडणीतून कविता घडवीत होते. हेच जोशी पुढे मुंबईच्या आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले, त्यानंतर राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी भारतीय लिप्यांच्या संगणकीय वळणांवर काम केले. मंगल हा संगणकावरचा देवनागरी टंक त्यांचा. २००८ साली त्यांचे निधन झाले. मराठी समीक्षेने त्यांच्या कवितेला लघुअनियतकालिकांच्या परिशिष्टात ठेवले आणि त्यांच्या टंकाला ‘सोय’ मानून वापरले. ज्या कवीने देवनागरीचा प्रत्येक वळसा संगणकाला शिकवला, त्याच्या कवितेचा आणि त्याच्या टंकाचा एकत्र विचार करणे हे खरे तर याच विद्याशाखेचे काम होते. वरूडचा एम.ए.चा विद्यार्थी आपला प्रबंध देवनागरीत टंकतो तेव्हा त्याच्या बोटांखाली अनेकदा त्याच कवीचे अक्षर असते. त्याच्या अभ्यासक्रमात तो कवी नसतो.

कोणी म्हणेल, हे लघुपट आता घरबसल्या पाहता येतात, मग तक्रार कशाची? पाहता येतात, पण कोणत्या ओळीत, कोणाच्या शेजारी, हे आधीच ठरवून समोर येतात. ‘कॅटमलचा हात’ अमेरिकेने २०११ साली आपल्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहात विधिवत दाखल करून घेतला. जपणुकीलाही कथानक लागते, आणि त्यांच्याजवळ ते होते. पदमसींनी ‘सिझिजी’च्या आगेमागे आणखी एक लघुपट केला होता : ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, १९६९. आपल्याच एका चित्राकडे छाया-प्रकाशाच्या साहाय्याने पुन्हा पाहण्याचा तो प्रयत्न होता. त्याची प्रत एकच होती. ती हरवली. चाळीसहून अधिक वर्षांनी आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना बरोबर घेऊन त्या हरवलेल्या लघुपटाच्या आठवणीवर त्याच नावाचा नवा लघुपट केला; तो २०१६ साली आला. २०२० साली पदमसी गेले. मूळ लघुपटाविषयी आज जे काही माहीत आहे, ते एका म्हाताऱ्या चित्रकाराच्या आठवणीतून आलेले आहे. संगणकीय लघुपटांच्या इतिहासाचे मराठीतले पहिले पुस्तक जो कोणी लिहील, त्याला या आठवणीचे काय करायचे हे ‘टॉय स्टोरी’च्या आधी ठरवावे लागेल.